तिथीची पाऊणपट

१९०४ साली अलिबागच्या किनाऱ्यावर एक वेधशाळा सुरू झाली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तोवर मुंबईत कुलाब्याला होत असे. पण मुंबईत विजेवरची ट्राम येऊ घातली होती, आणि त्या प्रवाहामुळे वेधशाळेतल्या नाजूक सुया सतत थरथरत राहणार हे दिसत होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली नवी जागा उभी राहिली ती समुद्रापलीकडे, अलिबागला. बांधकामात लोखंड टाळलं. काही काळ दोन्हीकडे एकदम नोंदी घेऊन ताळा पाहिला आणि मगच कुलाब्याची मोजणी थांबवली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा सुया सुरक्षित होत्या. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

विजेपासून लांब जायचं म्हणून रायगडचा किनारा निवडल्याचं इतकं जुनं आणि इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आज त्याच समुद्रावरून, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या रो-रो बोटीत शुक्रवारी संध्याकाळी गाड्या खच्चून भरलेल्या असतात. त्यातले बरेच जण सांगतात, शांत व्हायला निघालोय. रविवारी रात्री परतताना त्यांचे चेहरे पाहिले तर जाताना होते त्याहून दमलेले दिसतात. कारण मुंबईचं वेळापत्रक त्यांनी बॅगेत भरून आणलेलं असतं: साडेनऊला नाश्ता, अकराला समुद्र, चारला किल्ला, सहाला सूर्यास्ताचा फोटो.

या किनाऱ्यावर मन निवायचं असेल तर इथलं वेळापत्रक घ्यावं लागतं. ते भरती-ओहोटीचं आहे, तिथीचं आहे, उजेड-अंधाराचं आहे. आपण त्यात काही ठरवायचं नसतं, आणि माझ्या मते खरी विश्रांती तिथूनच सुरू होते.

जागा ठरवण्यापूर्वी

किहीम, नागाव, काशीदपासून मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरपर्यंत आता ‘ऑफ-ग्रिड’ म्हणवणाऱ्या बऱ्याच जागा निघाल्या आहेत. मातीचं घर, तंबू, झाडावरची खोली, वाडीतली झोपडी असं काहीही त्या नावाखाली मिळतं. नावावर जाऊ नका. फोन करा आणि साधे प्रश्न विचारा. वीज कुठून येते? सौर दिवे आहेत की रात्री जनरेटर लागतो? जनरेटर असेल तर महावितरणची तार परवडली, निदान तिचा आवाज नसतो. पाणी विहिरीचं आहे का, आणि उन्हाळ्यात ते टिकतं का, खारट होतं का? स्वयंपाक कोण करतं, त्याच गावातलं कोणी की शहरातून आणलेला माणूस? शनिवारी रात्री शेजारच्या बंगल्यात गाणी वाजतात का? शेवटच्या प्रश्नाला यजमान क्षणभर गप्प झाला तर समजून जा.

सोमवार ते गुरुवार जाता आलं तर जा. किमान तीन रात्री ठेवा. पहिला दिवस हातून जातो, त्याबद्दल पुढे सांगते. एका रात्रीसाठी येणार असाल तर छान सहल होईल, पण या लेखात जे सांगायचं आहे ते हाताला लागणार नाही.

समुद्राइतकंच जंगलही हवं असेल तर मुरुड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं फणसाड अभयारण्य आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. सुपेगावच्या बाजूने आत जाता येतं. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. एखाद्या गाणीजवळ वाटाड्याबरोबर तासभर न बोलता बसलात तर शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेताना दिसण्याची चांगली शक्यता असते. बिबट्याची आशा धरून बसू नका. आशा धरली की कान तिकडेच लागून राहतात आणि समोरचं रान दिसेनासं होतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. विजेशिवाय राहण्याचं कौतुक यजमानासमोर करताना जपून बोला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांवरची कौलं, पत्रे उडाले, आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव सगळीकडे आहे, पण पोफळ लावल्यापासून हाताशी पीक यायला बरीच वर्षं जातात. ज्या माणसाने तो अंधार सोसला त्याला ‘तुम्ही किती नशीबवान, इथे लाइटच नाही’ म्हणू नये. त्याच्याकडून कंदिलाची काच राखेने कशी पुसायची ते शिकून घ्यावं.

पाऊणपटीचा हिशोब

निघताना दिनदर्शिकेच्या त्या महिन्याच्या पानाचा फोटो काढू नका, पानच बरोबर घ्या. त्यावर तिथी असते, आणि कोकणातल्या माणसाला तिथीवरून भरती कळते. हिशोब सोपा आहे. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. अमावास्येपुढे पंचांगात तीसचा आकडा दिसतो, पण गुणताना पंधराच धरायचे. भरतीपासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशोबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. फिरायला जाण्यासाठी हा हिशोब पुरेसा आहे. पाणी ओलांडून कुठे जायचं असेल तर मात्र कोळ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

यामागचं कारण आकाशात आहे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, की उधाण येतं. या किनाऱ्यावर तेव्हा पाणी चार मीटरहूनही जास्त चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, पाणी फार हलत नाही. त्याला भांग म्हणतात.

आता याचा तुमच्या सुट्टीशी संबंध पाहा. अमावास्येच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. उन्हं कोवळी असताना आणि उतरताना मैलभर ओली, कठीण वाळू चालायला मोकळी. वर रात्री चंद्र नसल्याने तारे. मुंबईच्या प्रकाशाची झळाळी उत्तरेच्या क्षितिजावर अलिबागपर्यंत दिसते, पण मुरुडच्या दक्षिणेला आकाश बरंच काळं होतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली एखादी अमावास्या धरून, तिच्या आदल्या दिवसापासून तीन-चार दिवस ठेवावेत, असं मी सांगेन. अष्टमीला गेलात तर ओहोटी भर दुपारी, पाय भाजतील.

तिथे पोहोचल्यावर दिवसाची आखणी या हिशोबावर सोडा. पाणी गेलं की चालायचं, पाणी आलं की सावलीत बसायचं. जेवण त्या दोहोंच्या मध्ये. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तास पुढे सरकतं. शहरात आपण रोज त्याच वेळी त्याच गोष्टी करत असतो, म्हणून ही सरकती वेळ सुरुवातीला चमत्कारिक वाटते. दोन दिवसांत शरीराला ती पटते. पुढे काय करायचं हा प्रश्नच पडेनासा होतो, आणि दिवसाकाठी आपण किती बारीकसारीक निर्णय घेत होतो ते लक्षात येतं.

पण पाण्याशी सलगी नको. ओहोटी लागल्यावर पोहायला उतरू नये, उधाणाच्या दिवशी तर मुळीच नाही. पाणी बाहेर ओढतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, ती दिवसाढवळ्या, गर्दीच्या किनाऱ्यावर. हरिहरेश्वरचा खडकातला प्रदक्षिणामार्ग सुंदर आहे, पण तो ओहोटीचाच आहे. भरतीला त्या खडकांवर लाट कुठून येईल सांगता येत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलात तर परतीची वेळ आत जाण्याआधी पक्की करा.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी शांत वाटणार नाही. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून लोक घाबरतात किंवा जागेला नावं ठेवतात. हात खिशाकडे जातो. कानात नसलेली घंटी वाजते. दुपारी तीनच्या सुमाराला ओकारी यावी तसा कंटाळा येतो आणि परत जावंसं वाटतं. ऑफिसातलं एखादं वाक्य, घरातला एखादा जुना वाद, कोणाचं तरी राहून गेलेलं देणं, सगळं वर येतं. ते येऊ द्यावं. आवाजाखाली दबलेलं होतं ते मोकळं झालं इतकंच. त्याच्याशी भांडायला बसू नये आणि त्याचा लगेच निकालही लावायला जाऊ नये.

फोनबद्दल माझं मत व्यवहारी आहे. घरी म्हातारी माणसं असतात, मुलं असतात; फोन पूर्ण बंद ठेवून मन घराकडेच लागणार असेल तर उपयोग काय? निघण्यापूर्वी यजमानाचा नंबर घरच्यांना द्या. रोजची एक वेळ ठरवा, त्या वेळी नेटवर्क मिळेल तिथे जाऊन एक फोन करा, आणि मग तो यजमानाच्या कपाटात ठेवायला द्या. स्वतःच्या बॅगेत ठेवलात तर रात्री उठून काढाल. आवश्यक नंबर कागदावर लिहून घ्या. विजेरी वेगळी आणा, कारण फोनच्या विजेरीचं निमित्त करून माणूस पुन्हा पडद्यावर जातो.

पहिल्या दिवसावर उपाय म्हणजे हाताला काम. ध्यानाला बसायची घाई नको. विहिरीचं पाणी शेंदा. वाडीत सकाळी शिंपणं चालू असेल तर पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवायला मदत करा. वाल सोला. एखादी बाई अंगणात तांदळाची भाकरी थापत असेल तर जवळ बसून नीट पाहा आणि मग विचारून एक थापून बघा. पिठाला उकळतं पाणी किती लागतं, हात ओला कधी करायचा, भाकरीवर पाणी कधी फिरवायचं, यात अर्धा तास मन दुसरीकडे जायला जागाच मिळत नाही.

थंडीत गेलात तर पोपटीची संध्याकाळ चुकवू नका. रायगडात वालाच्या शेंगा आल्या की शेताच्या कडेला पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, कुणाकडे मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला गच्च दाबून तोंड बंद. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा, लाकडं पेटवायची. आत पाण्याचा थेंब नाही. झालं की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून, त्याच्या आवाजावरून आणि पाल्याच्या वासावरून ओळखतात. मडकं भाजत असताना दुसरं काही करायचं नसतं. जाळाभोवती बसायचं, कोणी बोललं तर ऐकायचं. मला वाटतं, एखाद्या महागड्या शिबिरात जे मिळवायला लोक जातात त्यातलं बरंचसं त्या जाळापाशी असतं. फक्त बोलावलं असेल तर जावं, आणि शेंगांचे, कोंबडीचे पैसे न मागता द्यावेत.

एकच गोष्ट पाहणं

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचं किहीम अनेकांना माहीत नसतं. जर्मनीत एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून ते १९३० च्या सुमाराला परतले, तेव्हा हातात नोकरी नव्हती. मुंबईत राहणं परवडेना, म्हणून पत्नी तेहमीना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले. चिंतेचेच दिवस होते ते. पावसाळा लागला आणि घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत भरली. त्यांनी ती पाहायला सुरुवात केली; रोज, तासन् तास, तेच झाड, तेच पक्षी.

आणि जे कोणी नीट पाहिलं नव्हतं ते त्यांना दिसलं. खोपा विणतो तो नर. तो अर्धा झाला की माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीला पसंत पडला की ती तिथे घर करते आणि नर उरलेलं विणकाम पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की तो पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. पसंत न पडलेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींत घरटं विणणारी सुगरण बाई होती; किहीमच्या झाडाने वेगळंच सांगितलं. या नोंदींवरचा त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं.

नाव होणं बाजूला ठेवा. बेकारीच्या दिवसांत, भविष्याची खात्री नसताना, एक माणूस एका झाडाखाली रोज जाऊन बसतो आणि समोर काय चाललंय ते लिहून काढतो, हे मला फार मोलाचं वाटतं. सजगपणे जगा असं आपल्याला सारखं सांगितलं जातं. श्वासाकडे बघा, मनाकडे बघा. ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर करावं. पण शहरातून नुकत्याच आलेल्या माणसाला स्वतःच्या मनाकडे बघायला सांगणं म्हणजे त्याला पुन्हा त्याच गोंगाटात ढकलणं होतं. त्याला बाहेरचं काहीतरी द्यावं, जे त्याच्यामुळे बदलत नाही आणि त्याची पर्वाही करत नाही.

म्हणून चार दिवसांसाठी एक गोष्ट निवडा. एक सुगरणीचं झाड, एक खेकड्याचं बीळ, खडकातला भरतीने भरणारा एक खळगा, वाडीतली एक पोफळ. रोज त्याच जागी अर्धा तास बसा. वही ठेवा, त्यात दिसेल तेच लिहा. कसं वाटलं ते नको. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, ती वाळूतले छोटे खेकडे अन्न चोखून घेतल्यावर टाकतात. एक गोळी किती वेळात होते, सावली पडली की तो किती पटकन आत जातो, पुन्हा बाहेर यायला किती थांबतो, हे एकदा पाहू लागलात की अर्धा तास कमी पडतो. तिसऱ्या दिवशी तुम्हाला त्या बिळाची काळजी वाटू लागेल.

पाहताना हात आखडते घ्या. शंख-शिंपल्या गोळा करून नेऊ नका. रिकाम्या शंखात शंखखेकडे राहतात. दिवेआगर, मारळ, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या काळात रात्री किनाऱ्यावर दिवे, शेकोटी, गाड्या नकोत. पिल्लं समुद्राकडच्या उजेडाच्या दिशेने जातात, आणि तुमच्या दिव्याने त्यांची वाट चुकते.

चालणं, बसणं

राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाला, मांदाडजवळ, कुड्याची लेणी आहेत. सव्वीस लेणी, बहुतेक साधी: एक ओसरी, आत खोली, खोलीत दगडाचा ओटा, बाहेर पावसाचं पाणी साठवायची पोढी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी ती खोदली गेली. भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. सरदारांच्या घरातली माणसं आहेत तसा एक माळीही आहे, एक वैद्यही. समोर मांदाडचं बंदर गजबजलेलं असणार, आणि त्या गजबजाटातल्याच लोकांनी वरती या निवांत खोल्या करवून दिल्या.

भिक्षू वर्षभर फिरत. आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने, पावसात, एका जागी राहत, तो वर्षावास. बसणं आणि चालणं दोन्ही त्यांच्या साधनेत होतं. ठरावीक अंतरात सावकाश पुढे जायचं, वळायचं, परत यायचं. त्याला चंक्रमण म्हणत. ओहोटीच्या ओल्या वाळूवर हे फार चांगलं जमतं. दोन खुणा धरा, शंभरेक पावलांवर. अनवाणी. टाच टेकते, वाळू दबते, पाणी बाजूला सरतं आणि पाऊल उचललं की परत येतं, एवढंच पायाखाली कळू द्यायचं. मन गेलं की कळतं, कारण चाल आपोआप वाढलेली असते. मग पुन्हा सावकाश. कुड्याला जाणार असाल तर लवकर सकाळी जा, पाणी बरोबर न्या, आणि एका खोलीच्या ओट्यावर काही न करता बसा. तिथे मोठ्याने ओम म्हणून घुमणारा आवाज तपासणारे लोक भेटतात. ते टाळलेलं बरं.

पावसाळ्यात यावं का, असं बरेच जण विचारतात. रायगडात पाऊस साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, गेटवेवरून मांडव्याला येणाऱ्या लाँच बंद असतात, सौर दिवे मंदावतात, कपडे वाळत नाहीत. समुद्रही बंद असतो: १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, कारण तो माशांच्या विणीचा काळ. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, कोळीवाड्यात जाळी विणण्याचं काम. ज्याला करमणुकीची गरज नाही, एकाच ओसरीवर चार दिवस पाऊस बघत बसायची तयारी आहे, त्याने जरूर यावं. त्याच्यासाठी याहून चांगला काळ नाही. पहिल्यांदा येणाऱ्याने हिवाळा धरावा.

काळजी

अंधारात चप्पल घालून आणि विजेरी घेऊनच चाला. कोकणात फुरसं बरंच आहे, लहान असतं आणि पाचोळ्यात दिसत नाही. चावलं तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. चावलेला भाग हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथे मिळतं. सकाळी बूट झटकून घाला. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी इथे माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि शेकडा चाळीसच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एकाच्या आसपास आणलं. म्हणजे उपाय आहे, पण वेळेत पोहोचायला हवं. घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जवळचं रुग्णालय कुठे आणि रात्री गाडी कोणाची, हे पहिल्याच दिवशी यजमानाला विचारून ठेवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिज नाही म्हणून बेत सोडायची गरज नाही. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, वर ओलं फडकं, सगळं सावलीत; त्यात ते चार दिवस नीट राहतं. आपल्या डॉक्टरांना मात्र विचारून निघा.

नैराश्यावर उपचार चालू असलेल्या, किंवा नुकतंच जवळचं माणूस गमावलेल्या कोणी एकट्याने अशा जागी जाऊ नये. शांतता त्यांच्यावर कोसळू शकते. सोबत कोणीतरी हवं, आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत.

परतल्यावर

अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायली ज्यूंचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, अशी त्यांच्यात कथा आहे. या किनाऱ्यावरच्या गावांत ते पसरले, मराठी बोलू लागले, गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं झाली. तेल गाळण्याचा व्यवसाय करायचे. आठवड्यातल्या एका दिवशी, शनिवारी, त्यांचा घाणा बंद असे. त्यावरून आजूबाजूचे त्यांना शनिवार तेली म्हणत. धर्मग्रंथ, भाषा, पुष्कळ काही हातून गेलेलं असताना शतकानुशतकं त्यांनी टिकवून धरलेल्या मोजक्या गोष्टींत ही एक होती: ठरल्या दिवशी बैल सोडायचा. नुकसान होत नसेल असं नाही. गिऱ्हाईक परत जात असेल. गावाने ते समजून घेतलं, इतकं की त्यांना नावच ते दिलं.

चार दिवसांनी तुम्ही घरी जाल आणि आठवड्याभरात सगळं पूर्ववत होईल. त्यावर किनाऱ्याची दुसरी फेरी हा उपाय फार खर्चाचा आहे. घाणा बंद ठेवायची एक वेळ ठरवा. अख्खा दिवस झेपणार नसेल तर शनिवारची संध्याकाळ, दिवेलागणीपासून झोपेपर्यंत. फोन कपाटात, मोठे दिवे बंद, एखादा कंदील किंवा समई. घरातल्यांना आधी विचारा, कारण एकट्याने केलं तर इतरांना तो रुसवा वाटतो. मुलं सुरुवातीला कुरकुर करतील. त्यांच्यापुढे वालाच्या शेंगा सोलायला ठेवा किंवा पत्ते काढा. ऑफिसात आणि नातेवाइकांत सांगून टाका, शनिवारी संध्याकाळी मी मिळत नाही. अगदीच अडलं तर शेजारच्यांच्या फोनवर निरोप द्या. महिना-दोन महिने कोणीतरी रागावेल. मग लोक शुक्रवारीच फोन करू लागतात.